ग्रेटर नोएडा ते सातासमुद्रापलीकडे

बास्केटबॉलचा जन्म १८९१ साली अमेरिकेत, स्प्रिंगफील्ड येथे झाला. भारतात या खेळाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९३४ साली नवी दिल्लीत भरली. त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या महाविद्यालयांच्या मैदानांवर हा खेळ रंगला. परंतु पदवी हाती पडली की बहुतेकांचा खेळही तेथेच थांबे. ज्यांचा टिकला, त्यांना आधार होता तो नोकरीचा. रेल्वे, पोलीस दल, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक अशा संस्थांनी खेळाडूंना सेवेत सामावून घेतले आणि आपले संघ उभे केले. वाराणसीच्या प्रशांती सिंह या दिल्लीत एमटीएनएलच्या सेवेत राहून देशासाठी खेळल्या. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले.

सुरक्षित नोकरीची ही वाट सोडून, किंवा तिच्या जोडीने, परदेशी मैदान गाठण्याचे धाडस प्रथम मोजक्यांनीच केले. केरळमधील चंगनाशेरीच्या महाविद्यालयीन मैदानावर घडलेल्या गीतू अॅना जोस या दक्षिण रेल्वेच्या खेळाडू. २००६ ते २००८ या काळात त्या ऑस्ट्रेलियातील रिंगवूड हॉक्स संघाकडून खेळल्या. २०११ मध्ये अमेरिकेतील डब्ल्यूएनबीए या व्यावसायिक लीगच्या निवड चाचणीसाठी त्यांना पाचारण करण्यात आले. करार झाला नाही. मात्र भारतीय मुलींसाठी एक दार किलकिले झाले.

२०१७ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. पंजाबातील शेतकरी कुटुंबातून आलेले अमृतपाल सिंग सिडनी किंग्जकडे गेले, ओएनजीसीचे विशेष भृगुवंशी यांना अॅडलेडच्या संघाने करारबद्ध केले, तर अमज्योत सिंग अमेरिकेच्या जी लीगमध्ये दाखल झाले. त्याच वर्षी दिल्लीलगत ग्रेटर नोएडा येथे एनबीएने आपली निवासी अकादमी सुरू केली. देशभरातून निवडलेल्या मुलांना येथे शिक्षण, आहार आणि प्रशिक्षण यांची एकत्र सोय मिळाली. गुरुदासपूर जिल्ह्यातील प्रिन्सपाल सिंग येथूनच पुढे ऑस्ट्रेलियात आणि २०२० मध्ये जी लीगच्या इग्नाइट संघात पोहोचले. अमान संधू यांनी अमेरिकेतील मॉनमथ विद्यापीठाचा, तर हरसिमरन कौर यांनी सॅन दिएगो विद्यापीठाचा संघ गाठला. नागपूरच्या सिया देवधर यांनीही बास्केटबॉलसाठी अमेरिकेची वाट धरली.

अर्थात विद्यापीठाच्या संघात स्थान मिळाले म्हणजे भवितव्य निश्चित झाले, असे नव्हे. अमेरिकेत अव्वल श्रेणीत साडेतीनशेहून अधिक विद्यापीठांचे संघ खेळतात. एनबीएचे संघ मात्र अवघे तीस, आणि वार्षिक निवडीत जागा साठच्या आसपास. त्यामुळे खुद्द अमेरिकी पदवीधर खेळाडूही युरोप, तुर्कस्तान, जपान, फिलिपाइन्स येथे नशीब आजमावतात. भारतीय वंशाचे कॅनडाचे सिम भुल्लर न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठाकडून खेळले, २०१५ मध्ये सॅक्रामेंटो किंग्जकडून एनबीएच्या मैदानात उतरले आणि पुढे त्यांनी तैवानमध्ये कारकीर्द घडविली.

असे करार बहुधा एका हंगामापुरते असतात. एक मुरगळलेला घोटा संपूर्ण वर्षाचे गणित बिघडवू शकतो. म्हणूनच कायम नोकरी आणि परदेशी करार यांतील निवड ही केवळ खेळाडूची राहत नाही. ती आई-वडिलांच्या उतारवयाशी आणि घराच्या हप्त्यांशीही जोडलेली असते.

येथे आर्थिक नियोजनाचे मोल कळते. नोकरीसाठी परदेशी जाणारी व्यक्ती परकीय चलन कायद्यानुसार अनिवासी ठरते. रिझर्व्ह बँकेच्या २००३ च्या खुलाशानुसार शिक्षणासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यालाही हाच दर्जा मिळतो. त्यामुळे आपले देशातील बचत खाते एनआरओ खात्यात रूपांतरित करून घेणे आवश्यक असते. भाडे, लाभांश असे भारतातील उत्पन्न या खात्यात जमा होते आणि त्यावरील व्याज करपात्र असते. परदेशातील कमाई एनआरई खात्यात ठेवल्यास मुद्दल व व्याज पुन्हा परदेशी नेता येते आणि अनिवासी असेपर्यंत त्या व्याजावर भारतात आयकर लागत नाही. मिळकतीचा काही भाग मुदत ठेवीत गुंतविणे, पुरेसा आरोग्य व अपघात विमा उतरविणे आणि पदवी अर्धवट न सोडणे, ही त्रिसूत्री पाळणाऱ्या खेळाडूला हंगाम हुकला तरी हतबल व्हावे लागत नाही.

बास्केटबॉलमध्ये चेंडू हाती आल्यावर तो बास्केटच्या दिशेने टाकण्यासाठी चोवीस सेकंद मिळतात. खेळाडूची कमावती वर्षेही अशीच मोजकी असतात. ती संपण्यापूर्वी पुढच्या आयुष्याची तरतूद झाली, तर मैदानावरून परततानाही त्याची मान ताठ राहील.