माशाने कुणाचं संकट घेतलं?

आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एक काकू राहतात. त्यांच्या हॉलमध्ये दोन फुटी फिशटँक आहे. त्यात आजवर किती मासे आले आणि गेले, याचा हिशेब त्यांनी कधीच सोडून दिलाय. परवा पुन्हा सहा गेले. मी विचारलं, "काकू, काय झालं?" त्या म्हणाल्या, "अरे, मंगळवारी ह्यांची अँजिओग्राफी होती ना? रिपोर्ट एकदम नॉर्मल आला. माशांनी घेतलं बघ अंगावर."

हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की आता ऐकताना दात आवळले जातात. मुलाचा अपघात थोडक्यात टळला, मासा मेला. कर्ज मंजूर झालं, मासा मेला. काहीच घडलं नाही, तरी मासा मेला, म्हणजे काहीतरी मोठं घडणार होतं! यावर वाद घालायची सोय नाही, कारण न आलेल्या संकटाचा पुरावा मागणार कुठून? श्रद्धेशी माझं भांडण नाही. भांडण एवढंच, की हे उत्तर मिळालं की तपास थांबतो, आणि पुढच्या रविवारी त्याच पाण्यात नवे सहा मासे येऊन पडतात.

मी काकूंना दुसरा प्रश्न विचारला. "रविवारी टाकी धुतली होती का?"

"धुतली तर! लख्ख. सगळं पाणी बदललं, खडी परातीत घेऊन चोळली, फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पिळून पिळून काढला. केवढी घाण निघाली माहितीये?"

म्हणजे संकट मंगळवारी नव्हे, रविवारीच आलं होतं, आणि तेही बादली घेऊन.

ही समजूत फार पुरातन आहे, असंही समजू नये. नऊ माशांचा जो हिशेब सांगतात, आठ सोनेरी आणि वाईट ते शोषून घेणारा एक काळा, तो फेंगशुईतला आहे. तो आपल्याकडे वास्तूच्या नावाखाली खपतो. आणि दिवाणखान्यातली काचेची टाकी हा प्रकारच मुळी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचा. लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने 1850 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काचेच्या भांड्यात दोन छोटे गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवल्या, तर पाणी सारखं न बदलताही मासे जगतात. त्याला वाटलं, वनस्पती प्राणवायू देतात, गोगलगायी कुजलेली पानं खातात आणि मेळ बसतो. ते खरं होतं, पण अर्धंच. उरलेल्या अर्ध्यावर पुढे काम केलं त्याच्याच मुलाने. तोही रॉबर्ट वॉरिंग्टनच. तो रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात मातीतल्या अमोनियाचं नायट्रेट कसं होतं हे शोधत होता. हे काम दोन टप्प्यांत होतं आणि दोन वेगवेगळे सूक्ष्मजीव ते करतात, असं त्याने दाखवलं. बापाची टाकी नेमकी कशामुळे चालली, त्याचं उत्तर मुलाच्या मातीत होतं.

मासा खातो, आणि त्याच्या शरीरातला नको असलेला नायट्रोजन अमोनियाच्या रूपात बाहेर पडतो, बराचसा थेट कल्ल्यांतून. म्हणजे विष्ठा दिसली नाही तरी पाणी खराब होतच असतं. उरलेलं खाणं कुजतं, त्याचाही अमोनियाच होतो. तो रंगहीन असतो आणि माशाचा जीव घ्यायला पुरेल इतका पाण्यात असला तरी आपल्या नाकाला समजत नाही. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं आणि मासे वर येऊन तोंड उघडमीट करत असतात, कारण त्यांचे कल्ले भाजलेले असतात.

या अमोनियाचं काही सूक्ष्मजीव नायट्राइट करतात. तेही विषारीच. ते माशाच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतं, रक्त तपकिरी पडतं आणि प्राणवायू असलेल्या पाण्यात मासा गुदमरतो. दुसरे सूक्ष्मजीव नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते बऱ्यापैकी निरुपद्रवी, आठवड्याला थोडं पाणी बदललं की आवाक्यात राहतं. हे सूक्ष्मजीव पाण्यात तरंगत नसतात. ते चिकटून राहतात, खडीवर, काचेवर आणि सगळ्यात जास्त फिल्टरच्या स्पंजमध्ये. काकूंनी पिळून काढलेल्या "घाणी"त तेच होते.

इथे काही वाचक म्हणतील, हे सगळं बाटलीबंद बॅक्टेरिया विकणाऱ्यांनी रचलेलं. तसं नाही. 1998 मध्ये टिमोथी होव्हानेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टाक्या तपासल्या, तेव्हा नायट्राइट खाणारे जीव पाठ्यपुस्तकातले नायट्रोबॅक्टर नसून नायट्रोस्पायरासारखे निघाले. 2011 मध्ये कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं, की गोड्या पाण्याच्या टाक्यांच्या फिल्टरमध्ये अमोनिया खाण्याचं मुख्य काम बहुतेक ठिकाणी बॅक्टेरिया नव्हे, तर आर्किया नावाचा वेगळाच गट करतो. 2015 मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या दोन शोधनिबंधांनी दोन्ही टप्पे एकटाच पार पाडणारा जीव पुढे आणला. कोण करतं याबद्दलची समजूत बदलत गेली. फिल्टरमधले सूक्ष्मजीवच ते करतात, याबद्दल शंका उरलेली नाही.

ज्या घरात दही लावतात, त्या घराला हे समजायला खरं म्हणजे एक मिनिट लागू नये. दह्याचं भांडं रोज घासा, हरकत नाही, पण विरजण तेवढं बाजूला काढून ठेवतोच ना आपण? काकूंची टाकी म्हणजे दर पंधरा दिवसांनी विरजण मोरीत ओतून, नव्या दुधाकडे आशेने बघत बसणं. फरक इतकाच, की दही रात्रीत लागतं आणि टाकीला चार ते सहा आठवडे लागतात. पोटातले जंतू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतात, हे जीव मात्र दुप्पट व्हायला अर्धा दिवस ते एक-दोन दिवस घेतात. पंधरा दिवसांचं वेळापत्रक त्यांना कधी पुरणारच नाही.

त्यात नळाचं पाणी. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस 10500, निर्जंतुक केलेल्या पाण्यात प्रतिलिटर किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असावं असं सांगतं. ते आपल्यासाठी उत्तम आहे, कारण ते जंतू मारतं. पण स्पंजमधले जीवही जंतूच! नळाखाली धुतलेला स्पंज म्हणजे त्यांचा कत्तलखाना. माशाच्या कल्ल्यांनाही क्लोरिन सोसत नाही. दुकानात दहा-वीस रुपयांत जे अँटी-क्लोरिनचे खडे मिळतात, ते सोडियम थायोसल्फेट असतं आणि ते आपलं काम चोख करतं.

बोअरवाल्यांनी हसू नये, त्यांचा सापळा वेगळा आहे. आपल्याकडच्या काळ्या खडकातलं पाणी बहुधा जड, त्याचा सामू, म्हणजे पीएच, 8 च्या आसपास. दुर्लक्षित टाकीतलं पाणी मात्र हळूहळू आम्लधर्मी होत जातं. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो, एक जहाल आणि एक सौम्य. 25 अंश तापमानाला सामू 7 असेल तर जहाल रूप एकूणच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतं. सामू 8 झाला की तेच पाच टक्क्यांच्या वर जातं, म्हणजे दसपट. महिनोन्महिने साचलेल्या अमोनियात मासे कसेबसे तगून असतात. आपल्याला एके दिवशी दया येते, आपण बोअरचं ताजं पाणी बदाबदा ओततो, आणि काही मिनिटांत तोच अमोनिया जहाल होतो. घरात चर्चा होते, "इतके दिवस घाणीत जगले आणि स्वच्छ पाणी घातलं तर मेले. नाजूकच जात!" नाजूक वगैरे काही नाही. शंका असेल तर अमोनिया तपासायचं थेंबांचं किट आणा. पाण्याचा रंग बदललेला डोळ्यांनी दिसतो.

मग करायचं काय? आठवड्याला पाव टाकी पाणी बदला, क्लोरिन घालवून आणि साधारण त्याच तापमानाचं. स्पंज मळला, पाणी जाईना झालं, की टाकीतून काढलेल्या त्याच जुन्या पाण्यात दोनदा दाबा. तेवढं पुरे. तो काळपटच राहणार, राहू द्या. नवी टाकी असेल तर निरोगी टाकी असलेल्या मित्राकडून वापरातला स्पंज मागून आणा, शेजारून विरजण आणतो तसा. तो नसेल तर मासे न सोडता टाकी चालू करा आणि अमोनियाची सोय बाहेरून करा. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइडच, पण शुद्ध हवं, कल्हईवाल्याकडचं नको. पन्नास लिटरला चिमूटभर पुरतं. घातलेला अमोनिया आणि त्यामागोमाग नायट्राइट, दोन्ही एका दिवसात शून्यावर येऊ लागली, की मासे आणायला निघा. आणि सगळे एकदम आणू नका.

एक आक्षेप मात्र रास्त आहे: "आमच्या वाड्यात हौदात मासे होते, कुणी फिल्टर लावला होता?" नव्हता लावला. पण हौदात हजारो लिटर पाणी, भिंतींवर बोटभर शेवाळ, मासे मोजके आणि खाऊ घालणारं कुणी नाही. शेवाळही अमोनिया खातं. सिमेंटचा हौद हाच एक मोठा फिल्टर होता, आणि तो दर रविवारी कुणी घासत नव्हतं.

मासे मरू लागले की दुकानदार निळं औषध देतो. ते मिथिलीन ब्लू. बुरशीवर, अंड्यांवर त्याचा उपयोग आहे, पण वेगळ्या भांड्यात. मुख्य टाकीत ओतलं तर उरलंसुरलं विरजणही जातं.

बाकीच्या समजुती एवढ्या जीवघेण्या नाहीत, पण दर वेळी कुणीतरी त्या काढतंच.

फायटर हवेतून श्वास घेऊ शकतो, म्हणून तो बरणीत गुदमरत नाही, इतकंच. अमोनिया त्यालाही तितकाच भाजतो. मासा टाकीच्या मापाने वाढतो, हेही खोटं. तो खुरटतो आणि लवकर मरतो. "टाकी साफ करणारा" म्हणून गळ्यात मारला जाणारा बोटभर सकर हातभर होतो आणि स्वतःच भरपूर घाण करतो. घरात मावेना म्हणून लोक त्याला नदीत सोडतात, आणि मग उजनीचे मच्छीमार जाळ्यात काय आलं म्हणून कपाळाला हात लावतात. निऑन टेट्रा जोडीने आणायचा मासा नव्हे. तो थव्याचा, किमान सहा-आठ हवेत, नाहीतर कोपऱ्यात रंग उडवून बसतो. झेब्राचंही तेच, आणि तो तर आपल्याच उपखंडातला, पहिल्या टाकीला झकास. गोल्डफिशला मात्र या छोट्या, उष्ण पाण्यातल्या मंडळींत आणू नका. तो थंड पाण्याचा, आकाराने मोठा आणि खादाड आहे.

बुडबुडे पाण्यात प्राणवायू कालवतात हे अर्धसत्य. मुख्य काम होतं ते पृष्ठभाग हलल्यामुळे. उन्हाळ्यात त्याची खरी गरज, कारण 20 अंशांच्या पाण्यात प्रतिलिटर नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांच्या पाण्यात साडेसात. आपण हीटरची चिंता करतो. पुण्या-नाशिकच्या थंडीत ती खरीच आहे, पण मुंबईत मे महिना जास्त मासे मारतो. लोडशेडिंगच्या गावात बॅटरीवरचा एअर पंप ठेवा, फिल्टरमधल्या जीवांनाही प्राणवायू लागतो.

गणपतीला कोकणात जाताना शेजाऱ्याकडे किल्ली आणि खाण्याचा डबा देऊन जाऊ नका. निरोगी मोठे मासे आठवडाभर उपाशी सहज राहतात. शेजाऱ्याचं प्रेम मात्र त्यांना झेपत नाही.

आणि शेवटची, जिच्यात मी स्वतः फसलो. "एकच गप्पी मादी आणली तर पिल्लं होत नाहीत." गप्पीची मादी नराचं बीज पोटात कित्येक महिने साठवून ठेवते आणि साधारण दर महिन्याला त्यातून पिल्लं काढते. नर पुन्हा दिसायचीही गरज नसते. मी एकच आणली होती, कामापुरती, नव्या टाकीची चाचणी म्हणून. आज सकाळी मोजली, एकतीस भरली. काकूंनी आठ मागितली आहेत, पण स्पंज आधी नेला. उरलेली हवी असतील तर झाकणाची बरणी घेऊन या.