मुंबई–न्यूयॉर्क : दोरा आणि घड्याळ

मुंबईहून न्यूयॉर्कला जायचे म्हटले, की आपण भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवतो आणि अरबस्तान, इजिप्त, सहारा असे करीत ते पश्चिमेला नेतो. या वाटेने अंतर भरते सुमारे १४,२०० किलोमीटर. पण नकाशा सपाट, पृथ्वी गोल. भूगोल विभागातल्या पृथ्वीगोलावर मी या दोन शहरांमध्ये दोरा ताणून पाहिला. तो अफगाणिस्तान, कझाकस्तान ओलांडून चक्क मॉस्कोजवळून गेला आणि पुढे स्वीडन, नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलंडचे दक्षिण टोक करीत कॅनडात उतरला! हाच बृहद्वृत्ताचा मार्ग. लांबी सुमारे १२,५०० किलोमीटर.

आता वेळ. विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरला, तर चौदा तास होतात. परंतु एवढ्या उंचीवर वारे बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. त्यांचा विरोध सरासरी ताशी ५० किलोमीटर जरी मानला, तरी जाताना पावणेपंधरा तास आणि येताना सव्वातेरा. म्हणजे परदेशी गेलेले मूल घराकडे निघाले, की वारा त्याच्या बाजूने असतो. घरात कुणी अत्यवस्थ असले म्हणजे या दीड तासाची किंमत कळते.

१९६० साली एअर इंडियाची विमाने लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागली. मध्ये न थांबता जाणारे एअर इंडियाचे विमान मुंबईहून सुटायला २००७ साल उजाडले. अडचण इंधनाची. लांब जायचे तर इंधन जास्त हवे, आणि ते जास्तीचे इंधन वाहून न्यायलाही पुन्हा इंधनच जाळावे लागते!

त्यातून दोरा आकाशात मोकळा राहतोच असे नाही. २०२२ साली युक्रेनच्या युद्धानंतर रशियाने अमेरिकी व युरोपीय कंपन्यांना आपले आकाश बंद केले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना मनाई केली. मुंबईला निदान समुद्रावरून वाट आहे. दिल्लीची कोंडी मोठी. तिथून अमेरिकेला निघालेल्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नाला उतरावे लागले, आणि सप्टेंबर २०२५ पासून एअर इंडियाने दिल्ली–वॉशिंग्टन सेवाच थांबवली. पृथ्वीगोलावर अंतर तेवढेच होते, हे विशेष.

घड्याळाची गंमत निराळीच. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असते, हिवाळ्यात साडेदहा. उन्हाळ्यात मुंबईहून रात्री दीडला निघालेले विमान साडेपंधरा तास उडून त्याच दिवशी तिथल्या सकाळी साडेसातला पोहोचते. आमच्या शेजारच्या काकू लेकीच्या बाळंतपणाला निघाल्या, तेव्हा तिकिटावरच्या दोन वेळा पाहून म्हणाल्या, "सहाच तास? मग कोल्हापूर काय वाईट?" परतीचा हिशेब उलट : तिथून दुपारी बाराला निघून चौदा तास उडालेला माणूस मुंबईत उतरतो दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला.