मात्रा चुकू नये!

‘मात्रा’ हा शब्द मराठीत दोन घरी नांदतो. एक छंदःशास्त्राचे, दुसरे वैद्याचे. पादाकुलकाच्या ओळीत एक मात्रा कमी पडली की चाल लंगडते, एक वाढली की अडखळते. थायरॉइडच्या गोळीचेही थेट असेच आहे.

कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून, फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी असते. तिचा थायरॉक्सिन नावाचा स्राव रक्तात मिसळून शरीराच्या साऱ्या व्यवहारांची गती राखतो. तो कमी पडला की माणूस थकतो, थंडीने कुडकुडतो, त्वचा कोरडी पडते, वजन वाढते. घरची मंडळी या साऱ्याला ‘आळस’ असे सोपे नाव देऊन मोकळी होतात. त्यातून ती घरची सून असली, तर बोलायलाच नको!

१८९१ साली इंग्लंडातील न्यूकॅसलच्या डॉ. जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क अशाच एका रुग्ण स्त्रीला टोचला. ती बाई पुढे २८ वर्षे जगली. १९१४ च्या नाताळात अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी थायरॉक्सिनचे स्फटिक वेगळे काढले. आज तेच द्रव्य कारखान्यात तयार होऊन गोळीच्या रूपाने येते. शरीराला जे पुरेसे बनवता येत नाही, ते बाहेरून पुरवायचे, एवढाच तिचा धर्म. म्हणूनच ती बहुधा जन्माची सोबतीण ठरते.

आता अनुपान. गोळी सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी; चहा, कॉफी व न्याहारी त्यानंतर अर्ध्या ते एका तासाने. नरकचतुर्दशीच्या पहाटेही हा नियम सुटत नाही. उठल्याबरोबर गोळी घ्यावी. उटणे, अभ्यंगस्नान, औक्षण होईतो वेळ आपोआप निघून जातो. मग चकली खुशाल मोडावी! लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या, तसेच आम्लपित्तावरची काही औषधे तिला आतड्यातच अडवतात. त्यांच्यात आणि हिच्यात चार तासांचे अंतर हवे.

मात्रा ठरते ती रक्तातील टी.एस.एच. तपासून. हा मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीचा हुकूम. हाताखालचा कारकून काम करीना, की साहेबाचा आवाज चढतो. तद्वत थायरॉइड मंदावली की टी.एस.एच. वाढतो. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी तो पुन्हा पाहतात, कारण औषधाचा परिणाम स्थिरावण्यास तितका अवधी लागतो.

शेजारणीला शंभर मायक्रोग्रॅमची गोळी मानवली म्हणून आपणही तीच घेणे, किंवा वजन उतरावे म्हणून दोन घेणे, हा निव्वळ अविचार होय. मात्रा जास्त झाली की छाती धडधडते, हात कापतात, झोप उडते. पुढे हृदयाचा ठेका बिघडतो, हाडे ठिसूळ होतात. वृद्धांना व हृदयरोग्यांना म्हणूनच थोड्या मात्रेपासून सुरुवात करून देतात.

उलट, बरे वाटू लागले म्हणून गोळी सोडणारेही पुष्कळ. थायरॉक्सिन शरीरातून सावकाश उतरते; निम्मे व्हायलाच सुमारे आठवडा लागतो. त्यामुळे सोडल्याचे काही दिवस कळतही नाही, आणि माणूस फसतो. गरोदरपणी तर ‘औषधे नकोत’ हा वडीलधाऱ्यांचा सल्ला येथे लागू नाही. पहिल्या महिन्यांत गर्भ आईच्याच थायरॉक्सिनवर वाढतो. दिवस राहिल्याचे कळताच गोळी चालू ठेवून डॉक्टरांना गाठावे. मात्रा बहुधा वाढवावी लागते.

दिवाळीनंतर भिंतीवर नवी दिनदर्शिका लागेल. तीत सणांच्या खुणा करताना रक्ततपासणीच्या तारखेलाही एक खूण करून ठेवावी.