अश्वशक्तीचा आकडा आणि टायरची पकड

दोन वेगवान मोटारींची तुलना सुरू झाली, की बोलणे प्रथम अश्वशक्तीवर येते आणि बहुधा तेथेच थांबते. जे आकड्यांत सांगितले जाते त्याचीच ग्राहक तुलना करतो. जे सांगितले जात नाही ते त्याच्या हिशेबातून गळून पडते. बाजाराच्या या दोषाचे एक बोलके उदाहरण पश्चिम जर्मनीतील एका जुन्या चुरशीत सापडते.

मर्सिडीझने १९८३ साली '१९० ई २.३-१६' ही सेडान लोकांपुढे आणली. तिला उत्तर म्हणून बीएमडब्ल्यूने १९८६ पासून 'एम३'चे उत्पादन सुरू केले. दोहोंची इंजिने २.३ लिटरची, चार सिलिंडरांची आणि सोळा झडपांची. एकीची शक्ती १८५ अश्वशक्ती, तर दुसरीची २००. 'अ' गटाच्या शर्यतीत उतरायचे तर बारा महिन्यांत त्या जातीच्या ५,००० मोटारी तयार झाल्या पाहिजेत, असा त्या वेळी दंडक होता. त्यामुळेच शर्यतीसाठी योजलेले यंत्र सामान्य खरेदीदाराच्या दारापर्यंत आले. स्पर्धेला योग्य नियमाची जोड मिळाली, तर तिचा लाभ ग्राहकाला कसा होतो, हे येथे दिसते.

पंधरा अश्वशक्तीच्या या फरकावर पुष्कळ वाद झडले. परंतु दोन्ही मोटारी उभ्या होत्या त्या एकाच मापाच्या टायरांवर: २०५/५५ व्हीआर १५. म्हणजे रुंदी २०५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ५५ टक्के, चाकाची धाव १५ इंचांची, आणि 'व्ही' हे अक्षर ताशी २१० किलोमीटरांहून अधिक वेगासाठी. इंजिनाची शक्ती कितीही असो, ती रस्त्यावर उतरते ती प्रत्येक टायरच्या तळहाताएवढ्या भागातूनच. आणि ब्रेकची भिस्तही त्याच चार तळहातांवर असते.

टायरची निवड हा वस्तुतः अर्थशास्त्रातील त्यागमूल्याचा प्रश्न आहे. मऊ रबर रस्ता घट्ट धरते, पण लवकर झिजते. कठीण रबर टिकते, पण सामान्यतः पकड सोडते. रुंद टायर कोरड्या रस्त्यावर उपयोगी पडतो. मात्र खाचा झिजल्या, की पाण्यावर तरंगण्याचा धोका त्यालाच अधिक. ढोबळ गणित असे, की ताशी ७२ किलोमीटर वेगाची मोटार चांगल्या पकडीवर सुमारे २५ मीटरांत थांबते. पकड निम्मी झाली, की तिला ५० मीटर लागतात. त्या पंचवीस मीटरांत एखादे शाळकरी मूल रस्ता ओलांडत असू शकते.

ही पकड दुकानात डोळ्यांना दिसत नाही. विक्रेत्याला माहीत असलेला गुण ग्राहकाला कळत नसेल, तर चांगला माल बाजारातून हटतो, हे जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्याच उदाहरणाने दाखवून दिले. युरोपीय संघाने त्यावर उपाय म्हणून नोव्हेंबर २०१२ पासून टायरवर इंधनबचत, ओल्या रस्त्यावरील पकड आणि आवाज दर्शविणारी चिठ्ठी सक्तीची केली.

आपल्याकडेही केंद्र सरकारने २०२२ साली याच तीन बाबींसाठी किमान मर्यादा घालून दिल्या. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु किमान मर्यादा केवळ वाईट माल रोखते, बऱ्यातून उत्तम निवडण्यास मदत करीत नाही. चार महिने ओल्या रस्त्यांवरून जाणाऱ्या महाराष्ट्रात तरी ओल्या पकडीची श्रेणी प्रत्येक टायरवर ठळक छापलेली असणे अगत्याचे आहे. फ्रिज घेताना तारे मोजणारा ग्राहक ती श्रेणीही खचित वाचील.

तोवर निदान दोन गोष्टी प्रत्येकाला पाहता येतील. टायरच्या बाजूवरील शेवटचे चार आकडे उत्पादनाचा आठवडा व वर्ष सांगतात. आणि खाचेची खोली १.६ मिलिमीटरवर आली, की तो टायर बाद समजावा. अश्वशक्ती मोटारीला पुढे नेते. पण माणसाला सुखरूप घरी आणते ती पकडच.