‘दूध’ या शब्दाची व्याप्ती आणि दूधविरहित केक

वऱ्हाडातील घरगुती भाजणीचा जुना प्रकार म्हणजे रोडगे. कणीक, मीठ आणि तेलाचे मोहन यांचा घट्ट गोळा गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजला जातो. पिठात दुधाचा थेंबही पडत नाही आणि तूप येते ते पानात वाढल्यावर. केक मात्र दूध, दही व लोणी यांची गरज बरोबर घेऊनच या प्रदेशात आला. अमरावती-अकोल्याच्या घरांत भट्टी नसली, तर शिटी काढलेल्या कुकरच्या तळाशी मीठ वा वाळू पसरून तो भाजतात. अशा घरात एखाद्या मुलाला दूध वर्ज्य ठरले, की वाढदिवशी दुधाऐवजी काय घालावे असा प्रश्न पडतो. उत्तर बहुधा ‘दूध’ असेच मिळते : सोयाबीनचे दूध, नारळाचे दूध, बदामाचे दूध. नाव एक असल्यामुळे हे पदार्थ एकमेकांच्या जागी चालतील, असा समज होतो. तो कितपत खरा आहे हे पाहण्यासाठी प्रथम शब्दाकडेच वळणे इष्ट होय.

‘दूध’ हा शब्द संस्कृत ‘दुग्ध’, प्राकृत ‘दुद्ध’ या मार्गाने मराठीत आला. ‘दुह्’ या धातूचा अर्थ धार काढणे. ‘दुग्ध’ म्हणजे दोहून काढलेले. म्हणजे हे नाव पदार्थाच्या घटकांवरून पडलेले नसून तो मिळविण्याच्या क्रियेवरून पडले आहे. संस्कृत ‘क्षीर’ हा शब्द तर गाईच्या दुधाला आणि वड-उंबरासारख्या वृक्षांच्या पांढऱ्या रसालाही लागू होता. म्हणूनच अशा वृक्षांना ‘क्षीरवृक्ष’ म्हणत. मराठीतील ‘चीक’ हा शब्द त्याहूनही बोलका आहे. रुईचे पान तोडले असता येतो तो चीक; गाय व्याल्यावर निघणारे, खरवसाचे दाट दूध तोही चीक; आणि कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून, गाळून मिळतो तोही चीकच. पांढरा, दाटसर रस एवढेच या तिहींत समान. एक विषारी, दुसरा प्रथिनयुक्त, तिसरा पिष्टमय. तथापि कोणतीही गृहिणी यांपैकी एकाच्या जागी दुसरा वापरणार नाही. तिच्यापाशी प्रत्येकाचा अनुभव आहे. सोयाबीनच्या दुधाविषयी तसा अनुभव अद्याप घरोघरी साठलेला नाही, आणि फसगत होते ती याच ठिकाणी.

केकमध्ये दुधाची कामे निरनिराळी असतात. त्यातील पाणी मैदा भिजविते, स्निग्धांश मऊपणा देतो, प्रथिने व दुग्धशर्करा मिळून वरची बदामी खरपूस छटा आणतात. नारळाचे दूध स्निग्धांशात गाईच्या दुधाच्या कितीतरी पुढे, पण प्रथिनांत मागे आहे. ते घातल्यास तेल वा लोणी कमी करावे लागते. बाजारी बदामाच्या दुधात बहुतांश पाणीच असते. प्रथिनांच्या दृष्टीने गाईच्या दुधाच्या जवळ येते ते सोयाबीनचेच. दुग्धशर्करा पावाच्या यीस्टला पचत नाही. ती शिल्लक राहते व पावाला रंग देते. सोयाबीनच्या दुधात ती मुळीच नसते, म्हणून त्याचा पाव फिकट निघतो. चमचाभर गूळ वा साखर अधिक घातली म्हणजे ही उणीव बरीचशी भरून निघते.

दह्याची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. अंड्याविना केक करणाऱ्या मराठी घरांत केक फुगतो तो दह्याचा आंबटपणा आणि खाण्याचा सोडा यांच्या संयोगाने. दह्याऐवजी नुसते सोयाबीनचे दूध ओतले, तर सोड्याला आम्ल मिळत नाही. केक बसतो आणि त्याला साबणासारखी चव येते. उपाय सोपा आहे : कपभर सोयाबीनच्या दुधात मोठा चमचाभर लिंबाचा रस घालून काही मिनिटे ठेवावे. ते फाटते, आणि या ठिकाणी ते फाटणेच हवे असते.

हे दूध घरी करता येते. सोयाबीन रात्रभर भिजवून, साली काढून, उकळत्या पाण्यासह वाटावे, गाळावे आणि मग पुन्हा चांगले पंधरा-वीस मिनिटे उकळावे. गरम पाण्याने उग्र वास कमी होतो. उकळण्याने पचनात अडथळा आणणारे द्रव्य निष्प्रभ होते. ही पायरी वगळू नये. वऱ्हाडात सोयाबीनचे पीक अमाप येते, परंतु ते तेलगिरण्यांकडे जाते आणि पेंड कोंबड्यांच्या खाद्यात. स्वयंपाकघरात त्याचे स्थान अजून पाहुण्याचेच. नावही पाहुण्याचेच : जपानी ‘शोयू’, म्हणजे सोयाबीनपासून केलेला खारट रस, डच भाषेतून युरोपात गेला आणि रसाचे नाव दाण्याला चिकटले. उलट ज्याला इकडे ‘फल्ली’ म्हणतात, त्या भुईमुगाचे दाणे घरात असतातच. ते भिजवून, वाटून गाळले की स्निग्ध दूध मिळते. सरकीचे उदाहरण तर कुतूहलाचे आहे. कापसाच्या या मुलखात सरकी ढोरांना घालून तिचे दूध करतात. तमिळनाडूत मदुराईकडे तिचाच रस काढून गूळ घालून शिजवितात आणि त्याला ‘परुत्ती पाल’, म्हणजे कापसाचे दूध, असे म्हणतात. कच्च्या सरकीत गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असल्याने घरी हा प्रयोग मात्र करू नये.

या नावांचा वाद न्यायालयांपर्यंत गेला आहे. युरोपीय संघाच्या न्यायालयाने १४ जून २०१७ रोजी निव्वळ वनस्पतिजन्य पदार्थ ‘दूध’ म्हणून विकता येणार नाहीत, असा निर्णय दिला; नारळाच्या दुधासारखी रूढ नावे त्यातून सुटली. भारतात अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानेही सप्टेंबर २०२१ मध्ये तशीच भूमिका घेतली. रूढीला कायद्याने मान दिला, हे भाषेच्या अभ्यासकाला रुचेल. परंतु सोयाबीनचे ‘पेय’ असे छापल्याने घरातले बोलणे बदलत नाही, आणि बदलण्याचे कारणही नाही. गरज आहे ती वेष्टनावरील घटक वाचण्याची; कारण नावात दूध नसलेल्या बिस्किटांत वा मार्गारिनमध्ये दुधाची भुकटी, व्हे किंवा केसीन असू शकते.

‘दूध चालत नाही’ या एका वाक्यात दोन भिन्न अवस्था सामावतात. दुग्धशर्करा न पचणाऱ्यास तूप किंवा थोडे दही बहुधा बाधत नाही. दुधातील प्रथिनांची ॲलर्जी असलेल्यास त्यांचा अंशही धोक्याचा ठरू शकतो. शिवाय सोयाबीन आणि भुईमूग हे स्वतःच ॲलर्जी आणणाऱ्या पदार्थांत मोडतात. म्हणून मुलाला यांपैकी नेमके काय वर्ज्य आहे, हे डॉक्टरांकडून स्पष्ट करून घेतल्यावरच फल्ली भिजत घालावी.