‘मुस्तफा’चा बोर्ड आणि हाताला लागलेले शिसे

व्हिडिओ गेम पार्लरमध्ये रुपयाचे नाणे टाकून ‘मुस्तफा’ खेळणारी मुले आज चाळिशीत आली आहेत. जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९३ मध्ये काढलेल्या या खेळाचे खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’. आपल्याकडे मात्र तो त्यातल्या एका पात्राच्या नावानेच ओळखला गेला. असे जुने बोर्ड आता हौशी मंडळी शोधून काढतात आणि बंद पडलेला बोर्ड दुरुस्तीला आणतात. घाटंजीसारख्या तालुक्याच्या गावात टीव्ही, इन्व्हर्टर दुरुस्त करणाऱ्या कारागिराला हे काम अवघड नाही. मात्र त्यात तब्येतीला असलेले धोके माहीत हवेत.

आजाराचे निदान होते तसेच बोर्डाचेही होते. आधी नाडी, म्हणजे वीजपुरवठा. जुन्या चिप ५ व्होल्टवर चालतात, पुरवठा ४.७५ व्होल्टच्या खाली गेला तरी खेळ अडकतो किंवा पडद्यावर भलतीच चित्रे दिसतात. मग नुसत्या डोळ्यांनी तपासणी : फुगलेला कपॅसिटर, तडकलेला टाका, गंजलेले टोक. अनेक जुन्या बोर्डांवर निकेल-कॅडमियमची बॅटरी असते. ती गळली की तिच्यातला क्षार तांब्याच्या रेषा खातो आणि कातडीही भाजतो. ‘मुस्तफा’च्या मूळ बोर्डावरची लिथियम बॅटरी संपली, तर साठवलेली सांकेतिक माहिती पुसली जाते आणि बाकी सगळे ठीक असूनही खेळ सुरू होत नाही.

सर्वांत तातडीचा धोका विजेचा. जुन्या काचेच्या पिक्चर ट्यूबमध्ये २० ते २५ हजार व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो. पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्येही ३०० व्होल्टपेक्षा जास्त दाब साठलेला असू शकतो. ट्यूब डिस्चार्ज करण्याची पद्धत ज्याला येत नाही, त्याने पाठचे झाकण उघडूच नये. कोणाला झटका बसला तर आधी मेन स्विच बंद करावा, मग रुग्णाला हात लावावा. श्वास थांबला असेल तर १०८ ला फोन करून छाती दाबणे लगेच सुरू करावे.

दुसरा धोका संथ आहे. नेहमीच्या सोल्डरच्या तारेत सुमारे ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसे असते. धुरातून शिसे नाकात जाते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात सोल्डरिंगचे टोक साधारण ३५० अंश सेल्सिअसपर्यंत तापते, तर शिसे उकळायला १,७४९ अंश लागतात. त्यामुळे धुरात शिसे नगण्य असते. तो धूर तारेतल्या राळेचा. राळेच्या धुरामुळे काहींना काही महिन्यांनी वा वर्षांनी दमा जडतो. संध्याकाळी खोकला, छातीत घरघर आणि सुटीच्या दिवशी आराम, ही त्याची खूण.

शिसे शरीरात जाते ते हातावाटे. तार दातात धरून काम करणे, त्याच हाताने खर्रा घोटणे, न धुता भाकरीचा तुकडा मोडणे, हे रस्ते आहेत. २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने माणसे गमावलेल्या यवतमाळ जिल्ह्याला कातडीवाटे आणि श्वासावाटे जाणारे विष वेगळे समजावून सांगावे लागत नाही. शिसे त्याहून गुपचूप साठते, आणि ते मुख्यतः हाडांत. पोटात कळा, बद्धकोष्ठता, थकवा, रक्तक्षय अशी त्याची लक्षणे दुसऱ्या कुठल्याही आजाराची वाटू शकतात.

लहान मुलांना धोका जास्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, गिळलेले शिसे मुलांच्या शरीरात मोठ्यांच्या चार ते पाच पट शोषले जाते आणि त्याची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही. लोहाची कमतरता असेल तर हे शोषण आणखी वाढते. मेंदूच्या वाढीचे झालेले नुकसान भरून येत नाही. म्हणून जेवणाच्या ओट्यावर किंवा मुले रांगतात त्या खोलीत सोल्डरिंग करू नये.

उपाय खर्चिक नाहीत. पंखा धूर चेहऱ्यापासून दूर ओढेल असा ठेवावा. तार तोंडात धरू नये. काम संपल्यावर साबणाने हात धुवावेत, टेबल झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे. गळलेली बॅटरी हातमोजे आणि चष्मा घालूनच काढावी. बोर्ड साफ करायचे अल्कोहोल पेट घेते, त्यामुळे ते पूर्ण वाळल्याशिवाय सोल्डरिंगचे टोक जवळ नेऊ नये.

आणखी एक. रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत शिसे मोजले जात नाही. ती चाचणी वेगळी सांगावी लागते. दवाखान्यात गेल्यावर कारागिराने आपण काय काम करतो ते आपणहून सांगावे. नाही तर रक्तवाढीच्या गोळ्या चालू राहतात आणि शिसे पोटात जाणेही.