दुतोंड्या मारुती ते निफाडचा गारठा

जुलै-ऑगस्टात पावसाचा जोर किती, हे बघायला नाशिककर आभाळाकडे कमी आणि गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे जास्त बघतात. 'गुडघ्याला लागलं', 'कमरेपर्यंत आलं', 'छातीला भिडलं' असे निरोप फिरू लागले, की सराफ बाजार आणि भांडी बाजारातले दुकानदार खालच्या फळ्यांवरचा माल वर चढवायला घेतात. गंमत म्हणजे त्या वेळी रामकुंडावर पुष्कळदा नुसती भुरभुर असते. मारुतीला वेढणारं पाणी पडलेलं असतं पंचवीस-तीस किलोमीटर वर, त्र्यंबकच्या डोंगरांत. ते गंगापूर धरणात साठतं, विसर्गाचे क्युसेक वाढवले जातात आणि मग ते शहरात उतरतं. २ ऑगस्ट २०१६ आणि ४ ऑगस्ट २०१९ या पुराच्या दोन तारखा गोदाकाठ अजून विसरलेला नाही.

नाशिक जिल्ह्याचं हवामान असं डोंगरावर ठरतं आणि खाली भोगलं जातं.

कसाऱ्याहून इगतपुरीला चढताना रेल्वेला बँकर इंजिनं जोडावी लागतात, कारण तिथला चढ ३७ फुटांना १ फूट इतका खडा आहे. अरबी समुद्रावरून आलेल्या ओलसर वाऱ्यालाही हाच घाट चढायचा असतो आणि त्याला मागून ढकलायला मान्सूनचा जोर असतो. वर चढणारी हवा पसरते आणि थंड होते; कोरडी असेल तर किलोमीटरमागे सुमारे १० अंशांनी. तिच्यातलं बाष्प मग ढगात आणि ढग पावसात उतरतो. इगतपुरीत वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तोच वारा घाटमाथा ओलांडून पूर्वेला उतरू लागला, की दाबला जाऊन तापतो आणि ढग विरळ होतात. पंचेचाळीस किलोमीटरवरच्या नाशिक शहराच्या वाट्याला येतात जेमतेम ७०० मिलिमीटर आणि येवल्यापर्यंत हा आकडा ५०० च्या आसपास घसरतो. इगतपुरीत भाताची आवणी चालू असताना येवल्याचा शेतकरी दुबार पेरणीच्या चिंतेत असतो, आणि बातमीत दोघांचा जिल्हा एकच!

एवढा पाऊस झेलणाऱ्या पेठ, सुरगाणा, त्र्यंबक भागातल्या कित्येक पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघावी लागते, हा त्यातला सगळ्यांत बोचरा भाग. काळा कातळ पाणी फारसं मुरू देत नाही आणि तीव्र उतार ते थांबू देत नाही.

हिवाळ्यात उताराची ही करामत दुसऱ्या रूपात दिसते. दर वर्षी डिसेंबर-जानेवारीत 'निफाड महाबळेश्वरपेक्षा थंड' अशी बातमी येते आणि वाचणाऱ्याला चुकल्यासारखं वाटतं. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर, जिल्ह्यातलं निफाड त्याच्या निम्म्याहूनही खाली. मग थंडी उलटी कशी? उत्तर रात्रीच्या हवेत आहे. उत्तरेचं कोरडं वारं सुटून आभाळ निरभ्र झालं, की जमीन दिवसभराची ऊब रात्री झपाट्याने आकाशात सोडून देते. जमिनीलगतची हवा गार होते आणि गार हवा जड. ती पाण्यासारखीच उतार धरते, ओढ्या-नाल्यांच्या वाटेने घरंगळत गोदावरी आणि कादवेच्या खोलगट पट्ट्यात येऊन साचते. टेकडीवरची हवा त्या वेळी उबदार असू शकते. खुद्द महाबळेश्वरात हिमकण दिसतात तेही वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या सखल भागातच, हे लक्षात घेतलं की कोडं सुटतं. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात डिसेंबर २०१८ च्या अखेरीस पारा २ अंशांच्याही खाली गेला होता. गव्हाला थंडी मानवते, द्राक्षाला नाही.

ऐन गारठ्यात पहाटे चारला निफाडच्या बागेत शिरलं, तर पानांच्या कडांवर दहिवर साचलेलं असतं, बांधाला काटक्या-पाचटाच्या शेकोट्या धुमसत असतात आणि ठिबकच्या नळ्यांतून पाणी चालू असतं. विहिरीचं पाणी पहाटेच्या हवेपेक्षा बरंच कोमट असल्याने ते मुळांशी आपली ऊब सोडतं. शेकोटीचा फायदा धुराने होतो असा समज आहे. खरं तर धूर उष्णता फारशी अडवत नाही. काम करते ती आगीची धग आणि तिने ढवळून निघालेली हवा, कारण वरच्या थरातली ऊब त्यामुळे थोडीफार खाली येते. पहाटेचा गारठा आणि दुपारचं ऊन यांतला फरक वाढला, की मणी तडकतात, हिरव्या वाणांचे मणी गुलाबी पडतात. बागायतदार त्याला 'पिंक बेरी' म्हणतात आणि ती टाळायला एकेक घड वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळतात.

अशा जिल्ह्याचा अंदाज एका ओळीत देणं अवघडच. हवामान विभागाच्या इशाऱ्यांत आता 'नाशिक' आणि 'नाशिकचा घाट परिसर' वेगवेगळे येतात, ही चांगली सुधारणा. पण घाटमाथ्यावरचे पावसाळी ढग बरेचदा बुटके असतात. मुंबईच्या रडारची किरणं मात्र अंतर वाढेल तशी जमिनीपासून वर वर जातात. त्यामुळे इगतपुरी-त्र्यंबकच्या ठेंगण्या ढगांतला खालचा पाऊस त्यांच्या नजरेतून निसटू शकतो.

जमिनीवरची नोंद त्याहून जवळची. 'महावेध' प्रकल्पात राज्यभर महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रं उभी राहिली आणि फळपीक विम्याची भरपाईही अशाच केंद्रांच्या आकड्यांवर ठरते. खटका उडतो तो इथेच. केंद्र उंच, मोकळ्या माळावर असेल आणि बाग ओढ्याकाठच्या खळग्यात, तर गार हवा साचलेल्या खळग्यातला पारा एखाद-दोन अंशांनी खालीच असतो. माळावरच्या आकड्याने भरपाईची रेषा ओलांडली नाही, की खळग्यातल्या बागेचं नुकसान कागदावर उमटत नाही. म्हणून काही बागायतदारांनी घडांच्या उंचीवर, तारेलाच स्वतःचा तापमापक अडकवला आहे. विम्याच्या हिशेबात त्याला किंमत नसली, तरी पहाटे ठिबकची मोटर कधी चालू करायची, हे तोच सांगतो.